लेहरा कुणाचा?

लखनौच्या चौकात आमच्या आजोळचं दुकान आहे, त्याला पाटी नाही. गोल दरवाज्यातून आत शिरायचं, चिकनच्या कुर्त्यांची दुकानं मागे टाकायची आणि तेजाबाचा वास नाकाला झोंबू लागला की थांबायचं. आईचे वडील विट्याहून इथे आले ते गलाईच्या कामाला. खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभरच्या सराफ्यांत मुशीपुढे बसलेली सापडतात, तसे तेही बसले. मोड गाळायची, तेजाबात सोनं-चांदी वेगळी करायची, टंच सांगायचा. त्यांच्यामागे थोरल्या मामांनी भट्टी सांभाळली. धाकट्या मामांचा जीव मात्र मुशीत रमला नाही. ते कैसरबागेत भातखंड्यांच्या विद्यालयात शिकायला गेले आणि पुढे पस्तीस वर्षं कथकच्या वर्गांत पेटीवर लेहरा धरून बसले. आता पंचाहत्तरीला आलेत. माझा धाकटा भाऊ बारावीनंतर थोरल्या मामांच्या हाताखाली काम शिकायला म्हणून आला, तो इथलाच झाला. दिवसा भट्टी, रात्री वरच्या खोलीत लॅपटॉप. ठेके जुळवतो आणि त्यांवर बोलतो. ‘गातो’ म्हणायला धाकट्या मामांची हरकत आहे.

जानेवारीत मी आठवडाभर तिकडे होते. बाहेर धुकं, हातात मक्खन-मलाईचा द्रोण आणि समोर धाकटे मामा आणि त्यांचा हा भाचा भांडतायत. मी टिपून घेत गेले. गाण्यावरचं भांडण संवादात लिहायला लखनौ ही जागा तशी योग्यच. पंडित विष्णु नारायण भातखंड्यांनी १९२६ साली इथे मॅरिस कॉलेज उभं केलं, तेच आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं. मूळचा हा मुंबईचा वकील. त्यांनी आपली ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत लिहिली आणि चारही भाग गुरू-शिष्याच्या संभाषणाच्या रूपात लिहिले. त्यांचा शिष्य फार गुणी आहे. शंका विचारतो, उत्तर मिळालं की पुढच्या शंकेकडे वळतो. माझा भाऊ तसा नाही.

विषय निघाला बाबा सहगलवरून.

भाचा : मामा, हा आपल्या लखनौचा माणूस. १९६५ साली इथेच जन्मला. पंतनगरला इंजिनिअरिंग केलं आणि झाला रॅपर. १९९२ मध्ये ‘थंडा थंडा पानी’ आलं. तुम्ही तेव्हा कुठे होतात?

मामा : पेटीवर होतो. आणि खिडकीखालचा पानवाला दिवसभर हीच कॅसेट लावायचा. वर पोरींचा तत्कार सोळा मात्रांचा, खाली ह्याचं पाणी चार-चार मात्रांचं. सम कुठली धरायची ते त्यांना कळेना.

भाचा : म्हणजे ठेका पक्का होता.

मामा : ठेका पक्का होता, गाणं कुठे होतं? सूर लागतच नाही त्यात. माणूस बोलतोय नुसता.

भाचा : मुशायऱ्यात काय करतात मग? निम्मे शायर तरन्नुममध्ये म्हणतात, निम्मे तहतमध्ये. तहतवाल्याला कुणी उठवतं का? मीर अनीस मर्सिया कसा म्हणायचे?

मामा : आधी कान धर. अनीसचं नाव असं रस्त्यावर घ्यायचं नाही.

भाच्याने कानाच्या पाळीला हात लावला. लखनौत राहून एवढं तो शिकलाय.

मामा : तहतुल-लफ्ज म्हणायचे. न गाता. पण तिथे शब्द एकटा उभा असतो बाळा. मागे ढोलकी नाही, झांज नाही, शब्दाला स्वतःच्या पायांनी चालावं लागतं. तुमच्या ह्या गाण्याचा मागचा ठेका काढून घे आणि मग बघ, किती पावलं चालतं ते.

भाचा : शाहिराचा डफ काढून घ्या, मग पोवाड्याचं काय होतं तेही बघू.

मामा : पोवाड्याला चाल असते. झील धरणारे असतात मागे.

भाचा : ह्यालाही मागे धरणारे आहेतच की. तो मागचा तुकडा कुठून आला, माहितीये?

आणि त्याने उलट्या क्रमाने सगळा प्रवास सांगितला. लखनौच्या माणसाने १९९२ साली ज्या गाण्यावरून आपलं गाणं बेतलं, ते अमेरिकेतल्या व्हॅनिला आइसचं ‘आइस आइस बेबी’. ते १९९० चं. बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते पहिलं रॅप गाणं. पण त्यातला बेस गिटारचा फिरता तुकडा आइसचा नव्हता. तो होता १९८१ च्या ‘अंडर प्रेशर’मधला. क्वीन हा इंग्लंडचा रॉक बँड आणि डेव्हिड बोवी यांनी मिळून केलेलं ते गाणं, बेस वाजवणारा जॉन डीकन. आणि क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बुलसारा हा जन्माने झांझिबारचा पारशी, शिकायला होता आपल्या पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेत. तिथेच पोरांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला होता.

मामा : म्हणजे पाचगणीचं पाणी लंडन आणि अमेरिका करून लखनौच्या नळाला आलं. बरं. लांबून आलं म्हणून गोड असतं असं नाही. ते मूळचं लाव बघू.

‘अंडर प्रेशर’ सुरू झालं. मामांनी डोळे मिटले, पण फार वेळ नाही. पेटी पुढे ओढली, भाता सोडला, एक पांढरी पट्टी शोधली आणि तिचा षड्ज धरला. सा, सा, सा, मग दोन भरभर, मग एक, आणि शेवटी खाली पंचम. सहा वेळा षड्ज, एकदा मंद्र पंचम. पुन्हा. पुन्हा. मग वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं, पंचमाखाली भातखंडे पद्धतीप्रमाणे टिंब दिलं आणि हसू लागले.

मामा : अरे, दोनच सूर आहेत.

भाचा : हो. तीच तर मजा आहे.

मामा : मजा तुला कळली नाही अजून. षड्ज आणि मंद्र पंचम. ह्या दोन सुरांवर आपल्याकडे काय लावतात?

भाचा : ...

मामा : तंबोरा! जोडीच्या दोन तारा षड्जाच्या, एक खर्जाची, आणि पहिली मंद्र पंचमाची. ह्या साहेबाने तंबोरा आडवा धरून तालात वाजवलाय. आणि तुम्ही म्हणता रॉक.

ह्यावर मी द्रोण खाली ठेवला. ‘अंडर प्रेशर’ मी शंभरदा ऐकलं असेल, पण हे कधी जाणवलं नव्हतं. त्या इंग्रजाच्या डोक्यात तंबोरा होता असं मी म्हणत नाही. षड्ज-पंचम ही जगातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ जोडी आहे, कुणालाही सापडते. पण ऐकणाऱ्याला ती पाठीशी उभी असल्यासारखी का वाटते, हे त्या सकाळी कळलं.

भाचा : तुणतुण्याला तर एकच तार असते. तरी त्याच्यावर अख्खी रात्र निघते तमाशात.

मामा : निघते. मी कुठे नाही म्हणतो? पण हे तंबोऱ्यासारखं अखंड नाही आणि तुणतुण्यासारखं टिंगटिंगही नाही. ह्याला नाव आहे. हा लेहरा आहे.

इथे ज्यांनी कथक जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कथकचा नाच चालू असतो तेव्हा एका बाजूला सारंगी किंवा पेटी सुरांची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत असते. तीनतालाच्या सोळा मात्रांत बसलेली ती ओळ म्हणजे लेहरा. नगमा असंही म्हणतात. नाचणारी व्यक्ती तुकडे घेते, तिहाया घेते, लय दुप्पट-चौपट करते, मध्येच थांबून बोल तोंडाने म्हणून दाखवते. त्याला पढंत म्हणतात. तबलजी तिच्याशी भांडतो, जुळवून घेतो. लेहरेवाल्याने मात्र काहीही करायचं नसतं. त्याने हललं तर सगळ्यांची सम जाईल. कालका-बिंदादीन महाराजांची ड्योढी ज्या शहरात आहे तिथे असे लेहरे धरणारे किती हात झिजले असतील, त्याची कुठे नोंद नाही.

भाचा : मग झालंच की मामा. लेहरा म्हणजे लूप. पढंत म्हणजे रॅप. तुम्ही पस्तीस वर्षं हिपहॉपच करत होतात.

मामा : फाजीलपणा नको. पढंत झाली की तेच बोल पायांनी काढून दाखवावे लागतात. तोंडाने बोललास ते पायांत आहे का, हे तिथल्या तिथे कळतं. तुझ्या बोलण्याचा जामीन कोण?

भाचा : तिथेही नाचच होता. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये कूल हर्क नावाचा पोरगा पार्ट्यांना तबकड्या लावायचा. त्याच्या लक्षात आलं, की गाण्यात गायक थांबतो आणि नुसता ड्रम वाजतो, तेव्हाच पोरं अंगात आल्यासारखी नाचतात. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तेवढाच तुकडा लांबवायला लागला. त्या तुकड्याला ब्रेक म्हणतात, त्यावर नाचणाऱ्यांना ब्रेकर. बोलणारे नंतर आले.

मामा काही बोलले नाहीत. पेटीचा भाता लावून टाकला. ते हरले असं नव्हे, त्यांना पुढचं ऐकायचं होतं. तेवढ्यात खालून थोरल्या मामांची हाक आली, कुणाची तरी जुनी पाटली गाळायला आली होती. भाचा उतरला आणि अर्ध्या तासाने हाताला टाकणखाराची पांढरी पूड घेऊनच वर आला. येताना फोनवर दुसरं गाणं लावूनच आला.

ते होतं ‘वॉक धिस वे’. रॅप आणि रॉकच्या लग्नाचा विषय निघाला की हेच गाणं पुढे करतात, आणि ते रास्त आहे. त्याची हकीकत मी त्याच्याकडून ऐकली तशी थोडी सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं भांडण तिच्यावर आहे.

बोस्टनचा एरोस्मिथ हा रॉक बँड. १९७४ च्या डिसेंबरात होनोलुलूला कार्यक्रमाआधी आवाजाची जुळवाजुळव चालू असताना गिटारवाला जो पेरी काहीतरी वाजवू लागला आणि ड्रमवाल्या जोई क्रेमरने त्याला ठेका दिला. गाण्याला शब्द नव्हते. पुढे न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रणाच्या दिवसांत मंडळी मेल ब्रुक्सचा ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ बघून आली. त्यात कुबडा नोकर पाहुण्याला ‘असं चला’ म्हणतो आणि पाहुणा त्याच्यासारखा कुबड काढून चालू लागतो. त्या विनोदातून गाण्याला नाव मिळालं. गायक स्टीव्हन टायलरने लिहिलेले शब्द टॅक्सीत विसरले आणि स्टुडिओच्या जिन्यात बसून त्याला ते पुन्हा लिहावे लागले, असं सांगतात. टायलर मुळात ड्रम वाजवणारा. त्यामुळे त्याचे शब्द सुरापेक्षा टिपऱ्यांसारखे पडतात. कडवी तर तो जवळजवळ बोलतोच, दम न घेता. गाणं १९७५ च्या ‘टॉइज इन द ॲटिक’ ह्या संग्रहात आलं आणि १९७७ मध्ये अमेरिकेच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत चढलं.

दुसरीकडे न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातल्या हॉलिस वस्तीतली तीन पोरं. जोसेफ सिमन्स, डॅरिल मॅकडॅनियल्स आणि तबकड्या फिरवणारा जेसन मिझेल. तिघांचं मिळून नाव रन-डीएमसी. एरोस्मिथची ती तबकडी त्यांच्याकडे होती, पण एरोस्मिथ कोण हे त्यांना धड माहीत नव्हतं. त्यांना हवे होते सुरुवातीचे ड्रमचे चार ठोके. गिटार सुरू होता होता तबकडी मागे न्यायची, पुन्हा ड्रम, पुन्हा मागे. त्यावर ते आपलं बोलायचे. पुढे गाणारा काय म्हणतो तिथपर्यंत ते पोचतच नसत.

१९८६ साली त्यांच्या ‘रेझिंग हेल’ संग्रहाचा निर्माता रिक रुबिन, तोही विशीतलाच, म्हणाला की हे गाणं आख्खं म्हणा. पोरांनी शब्द ऐकले आणि त्यांना ते अडाण्यांची बडबड वाटले. नाराजीनेच तयार झाले. ९ मार्च १९८६ ला टायलर आणि पेरी मॅनहॅटनमधल्या स्टुडिओत आले. दोघांना मिळून आठ हजार डॉलर दिले म्हणतात. तेव्हा एरोस्मिथचा पडता काळ होता. गाणं चौथ्या क्रमांकावर गेलं, म्हणजे मूळच्यापेक्षा सहा पायऱ्या वर. पुढच्याच वर्षी एरोस्मिथने ‘पर्मनंट व्हेकेशन’ काढून नव्याने डाव मांडला.

मामा : हे पहिलंच का असं?

भाचा : नाही. त्यांचंच ‘रॉक बॉक्स’ १९८४ मध्ये आलं होतं, त्यात रॅपमागे गिटार होतीच. पण ती पैसे देऊन बसवलेली. इथे दोन घराण्यांची माणसं समोरासमोर आली. आता सांगा, हे मिश्रण बरं की वाईट?

मामा : मिश्रणाला मी कधी वाईट म्हटलं? जोडराग काय आकाशातून पडले? बसंत-बहार घे. बसंत पूर्वी थाटातला, बहार काफी थाटातला. कोमल ऋषभ-धैवत एकीकडे, कोमल गांधार दुसरीकडे. हे एकत्र नांदावेत कसे? पण बसंतात शुद्ध मध्यम येतो, आणि बहारात तर मध्यम वादी. दोघांचा तो चुलतभाऊ. वरचा षड्ज बसंताचा वादी, बहारातही तो महत्त्वाचा. मग गाणारा ह्या सामाईक सुरांवर उभा राहतो आणि मान वळवतो. सांधा दिसत नाही, पण दोन्ही राग ओळखू येतात. ज्याला हा सामाईक सूर सापडत नाही तो नुसता एका ओळीत बसंत आणि एका ओळीत बहार गातो. ते जोडराग नव्हेत, ती जोडगोळी.

भाचा : मग ह्या गाण्यात सामाईक सूर कुठला?

मामा : सूर नाही, जीभ. त्या रॉकवाल्याची कडवी मुळातच बोलायची होती, तू आत्ता लावलीस तेव्हा ऐकलं ना मी. तो आधीच अर्धा तुमच्यात होता. आणि दुसरा सांधा सुरुवातीचा ड्रम. दोघंही त्याच्याच अंगणात राहत होते, एकमेकांना न ओळखता. म्हणून जमलं. त्या पोरांनी दुसरं एखादं लांब सुरांचं गाणं घेतलं असतं तर फजिती होती.

मला विचाराल तर एवढं नेमकं मी ह्या गाण्यावर कुठे वाचलं नव्हतं. सगळे जण त्या गाण्याच्या चित्रफितीतली भिंत आठवतात. एका खोलीत रॅपवाले, शेजारच्या खोलीत रॉकवाले, मध्ये भिंत, आणि टायलर माइकच्या दांड्याने ती फोडतो. अमेरिकेत काळ्यांचं संगीत आणि गोऱ्यांचं संगीत वेगवेगळ्या कप्प्यांत विकलं जात होतं, त्या काळात ते दृश्य टीव्हीवर झळकणं मोठीच गोष्ट होती. भाच्याने ती चित्रफीतही दाखवली.

मामा : भिंत कशाला फोडायची? दार असेल की.

भाचा : मामा!

मामा : बरं, फोडली. आता मला सांग, ते मागचे गिटारवाले कोण? ड्रमवर कोण? तू म्हणालास दोघंच आले.

भाचा : (जरा थांबून) ते एरोस्मिथचे नाहीत. बाकीच्या तिघांना बोलावलंच नव्हतं. त्यांच्या जागी दुसऱ्या बँडमधली माणसं उभी केलीत.

मामा : आणि तो जोई? ज्याच्या चार ठोक्यांसाठी त्या पोरांनी तबकडी झिजवली, तो?

भाचा : तोही नव्हता.

मामा : गाणं कुणाच्या नावावर आहे?

भाचा : टायलर आणि पेरी.

मामांनी माझ्याकडे पाहिलं, भाच्याकडे नाही. त्यांना राग आला की ते ज्याच्यावर आलाय त्याच्याकडे बघत नाहीत.

मामा : ह्याला मी चोरी म्हणतो.

भाचा : मामा, चोरी कसली? रीतसर पैसे दिले, नावं दिली. चोरी म्हणायचीच तर व्हॅनिला आइसची म्हणा. त्याने आधी म्हटलं, माझ्या तुकड्यात एक सूर जास्त आहे, तो वेगळा आहे. मग प्रकरण मिटवावं लागलं, आणि क्वीनच्या चौघांची आणि बोवीची नावं गाण्यावर चढली.

मामा : आणि आपल्या पाण्यावर?

भाचा : तेव्हा कॅसेटचा जमाना होता. कव्हरवर एवढं कोण बघतं? आणि लेहरा कुणाचा आहे असं तुम्ही तरी कधी विचारलंत? तुम्ही जो चंद्रकंसातला लेहरा धरायचात तो कुणी बांधला?

मामा : ... माझ्या गुरूंनी शिकवला.

भाचा : त्यांना कुणी? आणि रागवू नका, पण भातखंडेबुवांचं काय? जयपूरच्या कोठीवाल घराण्यातून त्यांनी शेकडो चिजा मिळवल्या. रामपूरहून मिळवल्या. क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत अठराशेच्या वर चिजा आहेत. कुठल्या चिजेखाली लिहिलंय, ही अमुक खांसाहेबांकडून मिळाली म्हणून? उस्तादांनी घराण्यात जपलेलं धन, आणि आज ओळखलं जातं पुस्तकाच्या नावाने.

हे त्याने बोलायला नको होतं, असं मला वाटलं. पण खोटंही नव्हतं. मामा बराच वेळ पेटीवरची धूळ बोटाने पुसत राहिले.

मामा : ते पुस्तक नसतं तर तुझ्या मामाला, एका गलाईवाल्याच्या पोराला, कुणी चीज दिली असती का? दारातून हाकललं असतं. म्हणून मी त्यांच्याविरुद्ध बोलणार नाही. पण तू म्हणतोस ते... हं. एक लक्षात घे. चिजेचं नाव चिजेच्या पोटात असतं. सदारंग, अदारंग, मनरंग. बांधणारा आपली मुद्रा शब्दांतच घालून ठेवायचा. पुस्तक छापणारा विसरला तरी गाणाऱ्याच्या तोंडून नाव निघतंच.

भाचा : तुकोबांची नाममुद्रा तशीच. आणि रॅपवाले काय करतात? दर दोन ओळींनी स्वतःचं नाव घेतात. तुम्ही त्यालाच घमेंड म्हणता.

मामा : (हसून) ती मुद्रा होय? मग घेऊ देत. पण बोलणाऱ्याला नाव घेता येतं रे. लेहरेवाल्याने कसं घ्यायचं? त्याच्याकडे शब्दच नाहीत.

आणि मग त्यांनी सांगितलं ते मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. एका मोठ्या महोत्सवात त्यांनी तीन रात्री लेहरा धरला होता. पत्रिकेत नर्तकीचं नाव, गुरूंचं नाव, तबलजीचं, गाणारीचं, प्रकाशयोजनेचं, पोशाख शिवणाऱ्याचंसुद्धा. शेवटी एक ओळ : साथसंगत, इतर. ते ‘इतर’ म्हणजे मामा. पत्रिका त्यांनी अजून ठेवलीय. कुठल्या महोत्सवाची ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

भाचा : (जरा वेळाने) पण मामा, सोन्यात तांबं घातल्याशिवाय दागिना होत नाही. चोवीस कॅरटची बांगडी हातात वाकते. सगळं शुद्ध ठेवायचं म्हटलं तर कुणाला काही करताच येणार नाही. तुमची पेटीसुद्धा पॅरिसमध्ये जन्मली. १९४० पासून तीसेक वर्षं आकाशवाणीने तिला बंदी घातली होती, अशुद्ध म्हणून.

मामा : तांबं घाल ना. मी नको म्हटलं? तू भट्टीवर बसतोस. बावीस कॅरटच्या दागिन्यावर काय शिक्का असतो?

भाचा : ९१६.

मामा : म्हणजे काय?

भाचा : हजारात ९१६ भाग सोनं.

मामा : आणि बाकी ८४ भाग दुसरं आहे, हे न बोलता कबूल. तेवढं कबूल केलंस की तुझ्या गिऱ्हाईकाची फसवणूक होत नाही, आणि तांब्याचीही नाही.

भाच्याने ह्यावर काही उत्तर दिलं नाही. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण तो क्वचितच देत नाही. थोड्या वेळाने त्याने लॅपटॉप उघडला, माइक पेटीच्या भात्यापासून वीतभर दूर ठेवला आणि म्हणाला, मामा, तो चंद्रकंसातला एकदा वाजवा, नव्वदच्या लयीत. मामा म्हणाले, नव्वद म्हणजे काय ते मला कळत नाही, तू हाताने धर. त्याने मांडीवर धरला. मामांनी चार आवर्तनं वाजवली, मग थांबून विचारलं, तू ह्याच्यावर काय बोलणार आहेस ते आधी सांग. ते अजून ठरायचं आहे, असं तो म्हणाला. ठरव आणि मग ये, म्हणून मामांनी पेटी बंद केली.

मी परतायच्या आदल्या रात्री मामांना विचारलं, तुम्ही इतकी वर्षं संगीताच्या परीक्षांना परीक्षक म्हणून जाता, ह्या गाण्यांचा निकाल काय? त्यांनी विनोद म्हणून घेतलं नाही. वहीचं तेच मागचं पान काढलं, षड्ज-पंचमाच्या नोटेशनखाली रेघ मारली आणि लिहिलं. ती वही आता माझ्याकडे आहे, त्यावरून उतरवते :

‘अंडर प्रेशर, बेस : उत्तीर्ण. दोन सुरांत एवढं करणं सोपं नाही.

वॉक धिस वे : उत्तीर्ण, द्वितीय श्रेणी. सांधा उत्तम. एक श्रेणी कमी केली आहे, कारण ड्रमवाल्याला बोलावलं नाही.

थंडा थंडा पानी : लय चांगली, पढंत कच्ची. लेहरेवाल्याचं नाव कळेपर्यंत निकाल राखून ठेवला आहे.’